एकट्याच्या मानानं जास्त उजेड

"दुपारभर मोबाईलात डोकं. दूध उतू जावो का घर जळो, हिले काही फरक नाही. पाहून राहिली आपली, पाहून राहिली. एवढं काय पाह्यते त्याच्यात, कोन जाने बापा."

मीराबाई हे कुणाला सांगत नव्हत्या. मांडीवर परात, परातीत गवारीच्या शेंगा, आणि बोलणं चाललं होतं ते शेंगांशी. पण आवाज असा बेतलेला, की दीड हातावर पलंगाच्या कडेला बसलेल्या सुनेच्या कानात तो बरोबर जाऊन पडावा. गेली चार वर्षं रोज दुपारी दोन ते चार हा कार्यक्रम चालायचा. जयवंताला कूलरची घरघर आणि सासूची कुरकुर आता वेगवेगळी ऐकू येत नसे. एक बंद पडली तर दुसरीनंही काम भागलं असतं.

आज मात्र ती मोबाईलात आकाशाचे फोटो पाहत नव्हती. सकाळपासून एकच पत्र पुनःपुन्हा वाचत होती. पत्र साता समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठातून आलं होतं. लेख छापायला तयार आहे, लेखकांच्या यादीत आपलं नाव बरोबर आहे ना तेवढं तपासून कळवा, रविवारनंतर बदल होणार नाही. यादीत एकवीस नावं. शेवटून चौथं तिच्या नवऱ्याचं, मधुकर गजभिये.

आज रविवार होता. आणि मधुकर गजभिये बनियनवर कूलरसमोर उताणे पडून घोरत होते. पाच वाजता प्रतापनगरात, विहाराच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार होता. तारा शोधल्याबद्दल.

तारा. जयवंताला ह्या शब्दाचाच राग यायचा. मुळात तो तारा नव्हताच. तपकिरी बटू म्हणतात त्याला. तारा व्हायला निघालेला वायूचा गोळा, पण अंगात पुरेसा ऐवज जमला नाही म्हणून पेटलाच नाही. जन्मताना आलेली ऊब तेवढी जवळ, आणि ती घेऊन अब्जावधी वर्षं निवत बसलेला. त्यातही हा फारच थंड. आणि हा म्हणजे एक नव्हे, दोन. सात वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी घालणारे. मोठा असेल सव्वाशे अंशांचा, चहाच्या आधणाहून थोडा वर. धाकटा जेमतेम पन्नासचा. मे महिन्यात त्यांच्या गच्चीवरचा पत्रा ह्याहून जास्त तापायचा. ज्या गोळ्याची पापड भाजायची ऐपत नाही त्याला तारा म्हणायचं, आणि ज्यानं तो पाहिलासुद्धा नाही त्याला शाल पांघरायची. जोडी चांगली जमली, असं तिला वाटे.

जयवंता कुहीकडची. वडिलांची, धोंडबांची, भाताची शेती. दहावीनंतर लग्न झालं आणि शाळा संपली, पण वाचणं संपलं नाही. मुलाच्या, धम्मानंदच्या, शाळेच्या पुस्तकांतून ती त्याच्या मागोमाग एकेक इयत्ता चढत गेली. तो इंजिनीयर होऊन पुण्याला गेला तेव्हा त्याचा शब्दकोश तिनं ठेवून घेतला. लॉकडाऊनमध्ये त्यानंच तिला एकदा गंमत म्हणून एक साईट दाखवली होती. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, वर्षावर्षांच्या अंतरानं काढलेले फोटो. उजेडाचे नव्हेत, उष्णतेचे. ते एकामागून एक भराभर दाखवतात. त्यात हजार ठिपके जागच्या जागी बसलेले असतात आणि एखादाच किंचित सरकतो. तो हुडकायचा. जगभरची रिकामी माणसं हे फुकट करतात, कारण यंत्राला ते नीट जमत नाही.

जयवंताला जमलं. आयुष्यभर सुपात तांदूळ निवडलेले तिचे डोळे. पांढऱ्यात पांढरा खडा ती सूप हलवतानाच पकडायची; दाणे एका रीतीनं सरकतात, खडा जरा मागं राहतो. इथं उलटं होतं, एवढंच. सगळे जागेवर आणि खडा पुढं. पहिल्या उन्हाळ्यात तिनं चार हजार तुकडे पाहिले. हा ठिपका तिला तिसऱ्या उन्हाळ्यात सापडला. पुढं शास्त्रज्ञांनी त्याचं अंतर मोजून साईटवर टाकलं, तेव्हा तिनं इतर थंड बटूंचे आकडे वहीत उतरवून शेजारीशेजारी मांडले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत खाली लिहिलं, की एवढ्या थंड वस्तूला एवढा उजेड एकट्याला झेपणार नाही, दोन आहेत का पाहा. त्यांनी अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं. दोन होते.

आता नावाचं. घरात स्मार्टफोन आला तेव्हा धम्मानंदनं त्यावर ईमेल उघडला तो वडिलांच्या नावानं. गॅस बाबांच्या नावावर, वीजबिल बाबांच्या नावावर, मग आणखी एक कशाला वेगळं काढायचं. साईटवर नोंद करताना फोननंच नाव भरलं, आणि जयवंतानं ते तसंच राहू दिलं. तांदूळ निवडताना सुपावर कुणाचं नाव घातलंय हे कोण बघतं? ह्या बेफिकिरीसाठी ती स्वतःलाही सोडत नसे. दुसऱ्यांना मूर्ख म्हणताना स्वतःला वगळायचं, इतकी ती अप्रामाणिक नव्हती.

जानेवारीत पहिलं पत्र आलं, श्री. मधुकर ह्यांना, अभिनंदनाचं. ती शब्दकोश घेऊन दुसऱ्या परिच्छेदावर पोचते न पोचते तोवर मधुकररावांनी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची रंगीत प्रत काढली होती, आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळात ती हातोहात फिरलीही होती. मले अमेरिकेतून पत्र आलं, एवढंच ते म्हणाले होते. ते खोटंही नव्हतं. पुढचं मंडळानं जोडलं. मग एक पत्रकार आला. मधुकररावांनी कुणाची तरी दुर्बीण उसनी आणून गच्चीवर फोटो काढून घेतला, भर दुपारी, सूर्याकडे पाठ करून. पत्रकारानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जयवंतानं स्वयंपाकघरातून चिठ्ठ्यांवर लिहून पाठवली.

का पाठवली, तर सवय. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं त्यांनी कारकुनी केली, तिच्यातली अर्धी घरी, तिच्या अक्षरात. रजेचे अर्ज, साहेबांना द्यायचे खुलासे, एकदा तर बढतीचा अर्ज, आणि बढती मिळालीही. घरी येऊन म्हणाले, माझी भाषा साहेबांना आवडली. ती तेव्हा हसली होती. तेव्हा तिला ते गोड वाटलं होतं, ह्याचंच आता तिला नवल वाटे.

माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. पण रोज दुपारी आडवं होण्याआधी कूलरमध्ये पाणी तेच भरायचे, चार बादल्या, न सांगता. आपण झोपल्यावर ही इथं बसणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या वेळी ती काय करते, हे विचारायचं मात्र चार वर्षांत त्यांना सुचलं नव्हतं.

खरं काय ते सगळ्यांनाच माहीत होतं. धम्मानंद फोनवर म्हणाला, आई, जाऊ दे ना, घर तर एकच आहे. शेजारच्या इंदुताईंनी तिला शेकडो दुपारी फोनला नाक लावून बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी मधुकररावांचं अभिनंदन केलं आणि जयवंताकडे न बघता लोणच्याचा विषय काढला. सगळे असे त्या गोष्टीच्या बाजूनं चालत होते, जसं रस्त्यात कुणी ओल्या सिमेंटचा चौकोन करून ठेवावा.

तिनं उत्तर लिहून ठेवलं होतं. तीन ओळी. नाव चुकलं आहे, काम जयवंता गजभिये हिचं आहे, कृपया दुरुस्त करावं. ते कालपासून फोनमध्ये तसंच पडून होतं. पाठवायला एक बोट पुरलं असतं. पण चोरून पाठवायचं तर आपण आणि हे घोरणारे, दोघांत फरक काय, असं तिला वाटे. तिला ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. जगात नाही तर निदान ह्या खोलीत.

साडेतीनला तिनं त्यांना उठवलं आणि फोन समोर धरला. सांगितलं, की आज शेवटचा दिवस आहे, नाव तपासून कळवायचं आहे.

मधुकररावांनी चष्मा लावला, यादीवरून बोट फिरवलं, थांबले. "स्पेलिंग बराबर आहे ना?"

"स्पेलिंग बरोबर आहे."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि बाथरूममध्ये गेले.

जयवंतानं फोन पर्समध्ये टाकला.

हॉलमध्ये चार कूलर होते आणि चारही दारांकडे तोंड करून, म्हणजे रस्ता गार होत होता. मंचाच्या मागं बॅनर. त्यावर मधुकररावांचा दुर्बिणीसकट फोटो आणि शेजारी एक धगधगता, ज्वाळा ओकणारा गोल. सूर्यसुद्धा एवढा पेटलेला नसतो. खाली 'सपत्नीक सत्कार' असं लिहिलं होतं. पत्नीचं नाव लिहायला जागा उरली नव्हती, कारण कॉलनीच्या समितीची सगळी नावं घालायची होती आणि अध्यक्ष भैयाजींचं दोनदा.

भैयाजी ठेकेदारीतून निवृत्त झाले होते, माईकवरून नाही. त्यांनी मीराबाईंना पहिल्या रांगेत, मंचापासून चार पावलांवर, गादीच्या खुर्चीत बसवलं आणि जोडप्याला वर घेतलं.

आधी त्रिशरण, पंचशील. सगळे उभे राहिले, हात जुळले. जयवंता मधुकररावांच्या डाव्या हाताला. त्यांचा आवाज चांगला, भारदस्त, विहारात सगळे त्यांच्या मागोमाग म्हणायचे. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला, जिथं खोटं बोलणार नाही असं म्हणायचं असतं, तिथं तिच्या उजव्या कानावर काहीच आलं नाही. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ओठ हलत होते. पाचव्याला आवाज परत आला, जरा जास्तच मोठा.

पुढारी आवाज गेल्यानं तेवढी एक ओळ हॉलमध्ये विस्कटली होती. फक्त मीराबाईंचा चिरका सूर सरळ शेवटापर्यंत गेला होता. आणि त्या आता लेकाकडे बघत होत्या. ऐंशी वर्षांच्या बाईनं जेवढा वेळ बघावं, त्याहून जास्त वेळ.

भैयाजींचं भाषण वीस मिनिटं चाललं. त्यांनी ताऱ्याला प्रतापनगरचा सुपुत्र म्हटलं, मग मधुकररावांना तारा म्हटलं, मग दोघांच्या कुंडलीचं काहीतरी बोलायला लागले, तेव्हा समोरून कुणीतरी खाकरलं आणि ते विज्ञानाकडे वळले. हा तारा इतका शक्तिशाली आहे, की आपल्या नागपूरला शंभर वर्षं वीज पुरेल. जयवंताच्या मनात आलं, की ह्यांना त्या धाकट्या बटूवर चहा ठेवायला सांगावा आणि तो होईपर्यंत गप्प बसायची अट घालावी.

शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, एक जाड पुस्तक झालं. मग तिच्या हातात साडी दिली गेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गडद तपकिरी. तारा तपकिरी म्हणून वहिनींची साडीबी तपकिरी, असं भैयाजींनी माईकवरून समजावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. तपकिरी बटू खरं तर तपकिरी नसतात. जवळ जाऊन पाहिलं तर मळकट लालसर दिसतील. पण एवढ्या जवळ कोण जातं.

मधुकररावांनी खिशातली चिठ्ठी काढली. अक्षर जयवंताचं. ते छान वाचत होते, पूर्णविरामाला थांबत होते, मधेच वर बघत होते. अंतर बत्तीस प्रकाशवर्षं. फेरी सात वर्षांची. आणि शेवटी, ज्या ओळीचं त्या शास्त्रज्ञांनी पत्रात फार कौतुक केलं होतं ती, की एवढ्या थंड वस्तूला एवढा उजेड एकट्याला झेपणार नाही. ती त्यांनी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मुठीनं टेबलावर ठेका देत. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. जयवंताचीही बोटं एकदा एकमेकांना लागली. ओळ चांगलीच होती.

मग भैयाजी म्हणाले, मुलांनी प्रश्न विचारावेत. मुलं एकमेकांना ढकलायला लागली. तिसऱ्या रांगेतून रितिका उठली, मागच्या गल्लीतली, नववीतली, हातात वही. तिनं खरोखर ऐकलं होतं, हाच घोटाळा झाला.

"काका, दुरून तर एकच ठिपका दिसते ना? मग दोन असतील, हे तुम्हाले सुचलं कसं? म्हणजे तेव्हा मनात काय आलं?"

हे चिठ्ठीत नव्हतं.

मधुकररावांनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी. अनुभव, ते म्हणाले. अनुभवातून येते ते. रितिका लिहायला लागली, मग थांबली आणि विचारलं, कोणता अनुभव.

त्यांनी मान डावीकडे झुकवली. बत्तीस वर्षं झुकवायचे तशी, अगदी थोडी, समोरच्यांना दिसणार नाही अशी. ओठ न हलवता पुटपुटले, "काय सांगू वं?"

जयवंताला उत्तर ठाऊक होतं. उत्तर कुहीचं होतं. भाताच्या बांध्यांना पाणी लावून संध्याकाळी धोंडबा घरी निघत, तेव्हा दूर बांधावर बॅटरीचा एक ठिपका दिसायचा. आई चहा ठेवायला उठायची. नऊ वर्षांची जयवंता ओट्यावरून बघून सांगायची, दोन कप ठेव, बाबांसोबत काका आहे. आई विचारायची, तुले कसं कळलं, दिवा तर एकच दिसते. पोरगी म्हणायची, एकट्या बाबांचा उजेड एवढा नसते. ती कधी चुकली नाही. दोन माणसं सोबत चालत असली की लांबून एकच माणूस दिसतो. उजेड मात्र लपत नाही.

एवढंच सांगायचं होतं. तीन वाक्यं. ती त्यांच्या कानात सांगितली असती, तर त्यांनी ती सुरेख सांगितली असती, कुही काढून टाकून, किंवा कुहीसकट. धोंडबाही त्यांचे झाले असते.

तिनं साडीची पिशवी मांडीवर सरळ केली. तिची घडी पाहिली. समोर बघत राहिली.

मधुकररावांची मान झुकलेलीच होती. कानाच्या पाळीवरून घामाचा एक थेंब शालीत उतरला. त्या वाकलेल्या मानेची तिला कीव आली. पण तिची मान त्यांच्याकडे वळली नाही. भैयाजी माईककडे सरकले, कदाचित समजलं नसेल पोरीले, म्हणाले, आणि रितिका उभीच होती. समोर इंदुताई पदराच्या काठाचा धागा शोधत होत्या. फिरायच्या मंडळातली दोघं छताकडे बघत होती.

मधुकररावांनी घसा साफ केला. म्हणाले, "ते असं आहे का..." ते आईकडे बघायला लागले, पाठांतर विसरलेलं पोर बघतं तसे.

गादीच्या खुर्चीतून कुरकुर सुरू झाली. दुपारी शेंगांशी बोलताना असायची तीच, त्याच सुरात, कुणाकडे न बघता. फक्त आज पुढ्यात परात नव्हती, आणि बोलता बोलता मीराबाईंनी मान वर केली आणि आवाज हॉलच्या शेवटच्या खुर्चीला बेतला.

"त्याले काय विचारतं वं पोरी. तो तं जेवला का दोन वाजल्यापासून घोरते. चार वर्षं मी तिथंच बसून आहो, मले माहीत नाही का? मोबाईलात डोकं घालून ही बसे, रोज, माह्या डोळ्यासमोर. हिले विचार. तो तारा हिनं पाह्यला. मधूनं नाही."